होडी उतरवा, पण जीव सांभाळून

जायकवाडीचे धरण पैठणला झाले, पण नाथसागराचे पाणी आपल्या जिल्ह्यात शेवगाव-नेवाशापर्यंत पसरले. काठावर मासेमारीच्या होड्या आल्या. तळ गळू लागला की होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून घरी आणायची, पत्र्याच्या शेडमध्ये उतरवून दुरुस्त करायची. काठावर ती चढवायला दहा हात मिळतात. घरी उतरवताना दोघे भाऊ, म्हातारे वडील आणि शेजारचे एखादे पोर. धोका आहे तो इथे.

आधी वजन ओळखा. ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला सुमारे साडेतेवीस किलो भरतो. १२ चौरस मीटर पत्रा लागलेली होडी म्हणजे नुसता पत्राच २८० किलोच्या वर. तळाशी १०० लिटर पाणी राहिले तर आणखी १०० किलो, आणि होडी कलली की ते सगळे एकाच बाजूला धावते. म्हणून पाणी, जाळी, इंजिन आधी बाहेर काढा.

जमीन सपाट आणि टणक हवी. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नका. पुढचे वजन हलके झाले की ती मागे बसते आणि दांडी उसळून माणसाला मारते.

शेडच्या कैचीला चेनकप्पी अडकवू नका. कैची पत्रे आणि वारा पेलण्यासाठी असते, टांगलेले वजन पेलण्यासाठी नाही. चेनकप्पीला स्वतःची भक्कम लोखंडी घोडी हवी. पट्टेही उंच बांधा. ५०० किलो वजन दोन पट्ट्यांवर सरळ टांगले तर एकेका पट्ट्यावर २५० किलोचा ताण येतो. तेच पट्टे पसरून जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकावर पूर्ण ५०० किलोचा ताण.

घोडी नसेल तर जॅक आणि लाकडी ठोकळे पुरतात. ट्रॉलीचे फाळके काढा. होडीखालून दोन मजबूत आडवे वासे घाला, एक पुढे, एक मागे. त्यांची टोके ट्रॉलीच्या बाहेर यायला हवीत. प्रत्येक टोकाखाली ठोकळ्यांची थप्पी रचा, एक थर आडवा, एक उभा. थप्पीची उंची पायाच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त नको. विटा मुळीच वापरू नका, वीट न सांगता फुटते.

एकेका वाशाची दोन्ही टोके बरोबरीने चार बोटे उचला, लगेच थप्पीवर ठोकळा सरकवा, मग दुसरा वासा. होडी चारही थप्प्यांवर नीट बसली की जोराने हलवून पाहा. मगच ओट काढून ट्रॉली सावकाश पुढे न्या. उतरवतानाही हाच क्रम, एका वेळी एकच थर.

जॅक आणि साखळी उचलण्यासाठी आहेत, धरून ठेवण्यासाठी नाहीत. धरतो तो ठोकळा. होडी ठोकळ्यांवर बसेपर्यंत तिच्याखाली डोके नाही, हात नाही, पायही नाही. निसटू लागली तर अडवायला धावू नका, बाजूला व्हा. पत्रा पुन्हा ठोकून सरळ करता येतो.

हुकूम एकाचाच चालावा. पण "थांबा" म्हणण्याचा हक्क सर्वांना, शेजारच्या पोरालाही. आपल्याकडे उलटे घडते. जो वयाने लहान किंवा रोजावर आलेला, त्यालाच "जरा खाली शीर" म्हणतात आणि तो नाही म्हणू शकत नाही. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळले, ते कामगाराचा जीव आणि त्याचा वेळ यांना मोल आहे हे कायद्यात आणण्यासाठी. कारखान्यात तो कायदा पाठीशी असतो. घरच्या शेडमध्ये स्वतःच्या कामात बोटे तुटली तर भरपाई कोणाकडे मागणार? घरची चूल मात्र त्याच दिवसापासून थंडावते.

म्हणून इथला कायदा आपणच पाळायचा. पंचशीलातले पाचवे शील मद्यामुळे येणाऱ्या प्रमादापासून दूर राहायला सांगते. ज्याने घोट घेतला असेल त्याने त्या दिवशी जॅकला हात लावू नये, मग तो थोरला भाऊ का असेना. आणि बायांनो, तुम्ही दारात उभ्या असाल आणि कोणी होडीखाली वाकताना दिसला, तर तुम्हीही मोठ्याने "थांबा" म्हणा. जयभीम!