आढ्यापासून जोत्यापर्यंत

घर बांधायला काढले की पहिली अडचण येते ती भाषेची. गवंडी विचारतो, "प्लिंथ किती घ्यायची? लिंटेल सलग टाकू की तुकड्यांत?" घरधनी नुसती मान डोलावतो. घरधनीण विचारते, "ते काय असतं हो?" तर उत्तर मिळत नाही. वाचकहो, पैसा आपला आणि त्या छपराखाली निजायचेही आपणच, तेव्हा हे शब्द समजून घेतलेले बरे. त्यांतले बहुतेक आपल्या जुन्या घरात मराठी नावाने नांदतच आहेत.

चिंचणीसारख्या समुद्रकाठच्या गावातले एखादे जुने कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. जमिनीवर उचललेला चौथरा ते जोते. गवंड्याची प्लिंथ ती हीच. त्यावर उभे खांब म्हणजे कॉलम आणि खांबांच्या डोक्यावरची आडवी तुळई म्हणजे बीम. सगळ्यांत उंच, घराच्या लांबीभर जाते ते आढे. आढ्यापासून दोहीकडे उतरतात ते वासे, वाशांवर आडव्या रिपा, रिपांवर कौले. छपराची कड भिंतीबाहेर येते ती वळचण, आणि तिथून पावसाची धार पडते ती पागोळी. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण सहज बोलून जातो. स्लॅबच्या घरात वाढलेल्या पोराला ही म्हण कशी कळावी? छपराच्या दोन उतारांमध्ये बाजूच्या भिंतीचा जो तिकोनी भाग राहतो ती चांदई. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चिंचणीहून पूर्वेला, डोंगराच्या अंगाला गेलात की वारली बांधवांची कुडाची घरे दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर शेणमाती लिंपली की झाला कूड. याच भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे पुढे जगभर गेली. कुडाला कोणी गरिबाची भिंत म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. छपराचा भार खांब घेतात, कूड फक्त आडोसा करतो. तो हलका असतो, जमीन हलली तर लवतो, आणि पडलाच तरी जड भिंतीसारखा माणसाला चिरडत नाही.

ही गोष्ट आपल्या भागात नुसती सांगण्यापुरती राहिलेली नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या गावांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीचे नाव तेव्हा सर्वतोमुखी झाले. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 तीव्रतेचा होता. घरांना तडे गेले, माणसे थंडीत बाहेर निजली. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला तर जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती मुख्यतः जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा मातीचा भार अंगावर येऊन. भिंत जाड म्हणजे घर मजबूत, हा समज तिथे फार महाग पडला.

म्हणून विटांचे घर बांधणार असाल तर गवंड्याकडे एक गोष्ट हट्टाने मागा: सलग पट्टी. सिमेंट-काँक्रीटची, निदान 75 मिलिमीटर जाडीची, आत दोन लांब सळया आणि त्यांना बांधणाऱ्या कड्या. ही पट्टी जोत्यावर एक, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर दुसरी. लिंटेल ते हेच. पण खर्च वाचवायला ते फक्त दारापुरते तुकड्याने टाकतात, तसे करू देऊ नका. पिंपाला कडी बसते तशी पट्टी चारही भिंतींवरून फिरली पाहिजे आणि कोपऱ्यात सळई वळवून पुढच्या भिंतीत गेली पाहिजे. सळई कोपऱ्यातच तोडली तर पट्टीचा उपयोग राहत नाही. छप्पर कौलारू असेल तर वाशांखाली तिसरी पट्टी आणि चांदईच्या उतारावरूनही एक हवी. नाहीतर धक्क्यात ही तिकोनी भिंत आधी सुटते.

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी आणखी थोडे. समुद्राची रेती फुकट मिळते म्हणून काँक्रीटात घालू नका. तिच्यातल्या खाराने सळई गंजते, गंजली की फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. सळईवर काँक्रीटचा जो थर राहतो त्याला 'कव्हर' म्हणतात. खांबात तो 40 मिलिमीटरपेक्षा कमी नको, खाऱ्या हवेत थोडा जास्तच बरा. काँक्रीट ओतण्याआधी हातात पट्टी घेऊन साच्यापासून सळईपर्यंतचे अंतर आपण स्वतः मोजावे. काँक्रीट पडल्यावर मग काही दिसत नाही.