आडवी बाटली आणि अणुभट्टीची राख

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावाला दारूचे दुकान नकोसे झाले, तर त्या गावच्या स्त्रियांच्या हाती एक हक्क आहे. गावातील पाव हिस्सा महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. नोंदलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळे लागते. महाराष्ट्र शासनाचा 2008 चा आदेश तसे सांगतो. अक्षरओळख नसलेल्या माउलीचे मतही येथे जिल्हाधिकाऱ्यांना मानावे लागते.

आमचा प्रश्न एवढाच आहे : बाटलीचा निवाडा करण्यास जी माउली समर्थ ठरते, ती किरणोत्सारी कचऱ्याच्या बाबतीत असमर्थ कशी ठरते?

“फादर, आपल्या वाशीमला अणुभट्टी आहे कुठे?” असे आमची माणसे विचारतात. नाही, हे खरे. परंतु आमच्या मंदिरातले दिवे ज्या वीजजालावर उजळतात, त्यात तारापूरची वीजही मिसळलेली असते. प्रकाश आम्ही घ्यावा आणि राख पालघरच्या मच्छीमाराने सांभाळावी, ही वाटणी आम्हांला ख्रिस्ती म्हणवून घेताना अवघडल्यासारखे करते.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या. त्यांतील जळालेले इंधन अमेरिकेने परत नेले नाही, त्यावर पुनर्प्रक्रिया करण्यासही संमती दिली नाही. ते वर्षानुवर्षे तेथेच सांभाळावे लागले. अन्य भट्ट्यांच्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते आणि मागे उरणारा जहाल द्रव काचेत मुरवून पोलादी डब्यांत कोंडतात. हे काम आमच्या शास्त्रज्ञांनी कौशल्याने साधले आहे. कर्करोग्याला कोबाल्टच्या किरणांनी दिलासा मिळतो, हेही आम्ही विसरत नाही. पण प्लुटोनियम-239 निम्मे होण्यासच सुमारे 24,000 वर्षे लागतात. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या वाळवीपासून वाचवताना आमची दमछाक होते. त्या डब्यांची राखण कोणती पिढी कोणाच्या भरवशावर करणार? कायमचे भूगर्भीय भांडार देशात आजही नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये कोलारच्या बंद सोन्याच्या खाणींचे नाव पुढे येताच तेथील लोक रस्त्यावर उतरले आणि शासनाला माघार घ्यावी लागली. आधी विचारले असते, तर रस्त्यावर उतरण्याची वेळ आली असती काय?

विचारण्याचा एक प्रयोग अमेरिकेतील युटा राज्यात झाला. तेथील वाळवंटात एका खाजगी कंपनीचे किरणोत्सारी कचऱ्याचे आगार आहे. अधिक जहाल वर्गाचा कचरा राज्यात येऊ देऊ नये, आलेल्या कचऱ्यावर कर वाढवावा आणि तो पैसा शाळांना व गोरगरिबांना द्यावा, असा प्रस्ताव नोव्हेंबर 2002 मध्ये थेट मतदारांपुढे ठेवला गेला. कंपनीने विरोधात पाण्यासारखा पैसा ओतला. सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी ‘नको’ म्हटले. म्हणजे लोक चुकले, असे कोणी म्हणेल. परंतु प्रश्न चव्हाट्यावर आला होता. 2005 मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळाने त्या जहाल कचऱ्याला कायद्याने बंदी घातली.

त्या प्रस्तावातील एक कलम मात्र आम्हांला खटकते. विषाच्या करातून शाळा का चालवावी? ज्या गुरुजींचा पगार कचऱ्याच्या गाड्यांवर अवलंबून राहील, ते गाड्या कमी व्हाव्यात असे कोणत्या तोंडाने म्हणणार? दारूच्या महसुलाने तिजोरी भरणारे शासन दारूबंदीची भाषा किती खणखणीत बोलते, हे विदर्भाला सांगावे लागत नाही. कर जरूर घ्यावा, भरपूर घ्यावा. पण तो राखणीसाठी, मोजणीसाठी, शेजारच्या गावांच्या औषधोपचारासाठी वेगळा बांधून ठेवावा. शाळेच्या छपरासाठी आम्ही दारोदार फिरू. तशी सवय आहे.

हे आजच लिहिण्याचे कारण आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा संमत करून अणुवीजनिर्मितीची दारे खाजगी कंपन्यांना उघडली. वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया व जहाल कचरा मात्र केंद्र सरकारकडेच राहिला. नफा कंपनीच्या वहीत आणि राख जनतेच्या ओसरीवर, असा हा हिशेब आहे. परमगुरू फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले होते, की असे प्रकल्प ठरवताना तेथील रहिवाशांना चर्चेत मानाचे स्थान हवे. जनसुनावणीत दोन मिनिटे बोलू देणे म्हणजे मानाचे स्थान नव्हे.

येत्या ग्रामसभेत आमच्या धर्मग्रामातील भगिनींनी उठून ठराव मांडावा, अशी आमची विनंती आहे : किरणोत्सारी कचरा ज्या परिसरात ठेवायचा, तेथील प्रत्येक गावात आधी गुप्त मतदान घ्यावे आणि नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांची संमती मिळाल्यावाचून एक डबाही तेथे उतरवू नये. ग्रामसेवक म्हणतील, हा विषय आपल्या अखत्यारीत नाही. तसे त्यांनी इतिवृत्तात लिहून द्यावे आणि त्याची प्रत भगिनींनी मागून घ्यावी.