नळी आणि पाळी

फूटभर लांबीची एक नळी. पीव्हीसीची असेल नाहीतर बांबूची, खालच्या बाजूला चहूकडून भोके पाडलेली. भाताच्या खाचरात ती रोवायची, आतला चिखल हाताने उपसून टाकायचा आणि वाकून आत पाहायचे. जमिनीच्या पोटातले पाणी भोकांवाटे नळीत येते. त्यामुळे वरचा चिखल सुकून केसाएवढ्या भेगा पडल्या, तरी खाली मुळांपाशी पाणी कुठवर आहे ते डोळ्यांना दिसते. ते 15 सेंटीमीटर, म्हणजे आठ बोटे, खाली उतरले की पुन्हा पाच सेंटीमीटर पाणी भरायचे. लावणीनंतर पहिले दोनेक आठवडे तण दबून राहावे म्हणून पाणी उभे ठेवायचे आणि पीक फुलोऱ्यात असताना ताण द्यायचा नाही. हे नीट सांभाळले तर उतारा घटत नाही, भरण्याचे पाणी 30 टक्क्यांपर्यंत वाचते आणि तुंबलेल्या चिखलात सूक्ष्मजीवांमुळे तयार होणारा मिथेन जवळपास निम्म्यावर येतो.

या साध्या नळीमागे फार मोठी भागीदारी उभी आहे. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस येथे 1960 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, म्हणजे इरीने, 1997 मध्ये ओलिताच्या भातासाठी आशियाई देशांचा एक संशोधन-संघ बांधला. पैसा प्रामुख्याने स्वित्झर्लंडच्या विकास सहकार्य संस्थेचा होता. शेतातले काम त्या त्या देशातल्या संशोधन संस्थांनी आणि कृषी खात्यांनी केले. पुढे 2013 पासून कोरिगॅप या नावाने तेच काम सहा देशांत चालले. एका दात्याने एकाच पिकाच्या मागे इतकी वर्षे उभे राहावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिचे मोकळ्या मनाने कौतुक केले पाहिजे. तीन वर्षांच्या प्रकल्पात शेतकऱ्याचा विश्वास बसायच्या आत निधी संपतो. शेजाऱ्याच्या खाचरात भेगा पडलेल्या पाहून माणूस आधी घाबरतो, एक हंगाम नुसता बांधावर उभा राहून बघतो, दुसऱ्या हंगामात एका कोपऱ्यात करून पाहतो. त्याला तेवढा वेळ देणारे संशोधनच कामी येते.

मात्र या सगळ्या वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट लख्ख दिसत असताना तिच्याकडे अजूनही पुरेसे लक्ष दिले जात नाही. वाचलेले पाणी कोणाच्या खिशात जाते, हा प्रश्न नळीइतकाच महत्त्वाचा आहे.

फिलिपिन्समधलीच दोन उदाहरणे पाहा. टार्लाक प्रांतात कानारेम या वस्तीतले शेतकरी एका खोल विहिरीवर मिळून भात घेतात. पंपाच्या इंधनाचा खर्च त्यांचा त्यांनाच करावा लागतो. 2002 च्या सुमारास तिथे या पद्धतीचे प्रयोग झाले आणि ती रुजली, कारण पंप जितके तास कमी चालला तितके पैसे त्याच हंगामात हाती राहिले. बोहोल बेटावर गोष्ट वेगळी होती. तिथे पाणी कालव्याचे, पट्टी क्षेत्रावर. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने पाणी वाचवले काय आणि वाहू दिले काय, त्याला एकच पट्टी. शेपटाकडचा मात्र कोरडा. मग राष्ट्रीय सिंचन प्रशासनाने पाळ्या बांधून दिल्या. ठरलेल्या दिवसांपुरतेच पाणी मिळू लागले, म्हणजे दोन पाळ्यांच्या मधला ताण आपोआप सगळ्यांच्या खाचरांना बसला. उत्पादन टिकले, पाणी खालपर्यंत पोहोचले आणि वर्षातली पीकघनता 119 टक्क्यांवरून 160 टक्क्यांवर गेली. एका ठिकाणी काम पैशाने केले, दुसऱ्या ठिकाणी पाळीने. नुसत्या नळीने ते कुठेच झालेले नाही.

बांगलादेशाने याचा पुरावाच समोर ठेवला. बोरो हंगामात तिथले असंख्य छोटे शेतकरी दुसऱ्याच्या पंपाचे पाणी घेतात आणि पंपमालकाला बिघ्यामागे हंगामाची ठोक रक्कम देतात. काही भागांत पिकाचा चौथा हिस्सा मोजून देतात. संशोधकांनी अनेक गावांत नळ्या देऊन पाहिल्या. ठोक रक्कम देणाऱ्याच्या शेतात पाण्याच्या वापरात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पडणार कसा? डिझेल वाचले तर ते पंपमालकाचे, पीक बसले तर ते शेतकऱ्याचे. राजशाहीकडच्या बरिंद भागात सरकारी खोल विहिरींवर प्रीपेड कार्ड घालून तासावर पाणी घेता येते. तासाचे पैसे स्वतः मोजणाऱ्यांनी मात्र पाणी वाचवले. त्या ठोक रकमेच्या शेतकऱ्याला आळशी किंवा अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. जोखीम त्याची आणि बचत दुसऱ्याची, असा व्यवहार कोणीही शहाणा माणूस करणार नाही.

जोखमीचा आणखी एक वाटा कोणी मोजत नाही. पाणी आटले की तण डोके वर काढते आणि खुरपणीला बहुतेक ठिकाणी घरच्या बायकाच वाकतात. पाण्याच्या बचतीचा तक्ता मांडताना त्यांचे रोज त्यात धरले गेले पाहिजेत.

आपल्याकडे भंडारा-गोंदियातले शेतकरी पंपाच्या पाण्यावर उन्हाळी धानाच्या बांध्या भरतात. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल राज्य सरकार भरते. ही सवलत काढून घ्या असे आम्ही मुळीच म्हणत नाही. धान उत्पादकाला तिची गरज आहे. पण तिच्यामुळे पाणी वाचवण्याचा मोबदला शून्य होतो, हेही खरे. पंजाबने 2018 मध्ये यातून एक वाट काढून पाहिली. स्वेच्छेने योजनेत येणाऱ्या शेतकऱ्याला विजेचा कोटा ठरवून दिला आणि त्यातून वाचलेल्या प्रत्येक युनिटला चार रुपये त्याच्या खात्यात जमा केले. वीज फुकटच राहिली, बचतीला मात्र किंमत आली. विदर्भाच्या धानपट्ट्यात नळ्या वाटण्याआधी असे काही करून पाहायला हवे.

मिथेन घटवल्याबद्दल मिळणारा कार्बनचा पैसा आता भाताकडे वळू लागला आहे. मेकाँगच्या खोऱ्यात 2030 पर्यंत 10 लाख हेक्टरांवर कमी उत्सर्जनाचा भात घेण्याचा कार्यक्रम व्हिएतनामने 2023 मध्ये मंजूर केला. तिथली तयारी जुनी आहे: प्रमाणित बियाणे हवेच आणि बियाणे, खत, औषध, पाणी, काढणीनंतरची नासाडी ही पाच कमी करायची, ही शिकवण संशोधन-संघाच्या काळापासून आन यांगसारख्या प्रांतांत रुजत गेली. पण या बाजारात फसगतही होते. कार्बन पतपत्रांची नोंदणी करणाऱ्या व्हेरा या संस्थेने 2024 मध्ये चीनमधले 37 भातप्रकल्प अपात्र ठरवून रद्द केले. एकरा-दोन एकरांच्या हजारो तुकड्यांत पाणी कधी आटले आणि कधी भरले हे मोजणे खर्चाचे काम आहे, आणि तो खर्च वजा जाता खाचरात उतरणाऱ्याच्या हाती काय राहते, हे करारात त्याच्या भाषेत, रुपयांत, डाँगमध्ये किंवा टाकांत लिहिलेले असले पाहिजे.

म्हणून दात्यांकडे आणि संशोधन संस्थांकडे आमची मागणी सरळ आहे. प्रात्यक्षिकाच्या खाचरांवर पुढचा पैसा घालू नका. नळी चालते हे सिद्ध झाले आहे. भागीदारीच्या बैठकीला पंपमालक, पाटकरी, पाटबंधारे खात्याचा शाखा अभियंता आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी यांना बसवा, आणि पाण्याची आकारणी व पाळी यांवर संशोधन करा. ते काम नळीपेक्षा अवघड आहे, त्यात स्थानिक सत्तेशी गाठ पडते, आणि त्यासाठीच बाहेरच्या संस्थेचा धीर व दीर्घ पल्ल्याचा निधी लागतो.

फिलिपिन्सने 2018 मध्ये कायदा करून आठ हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांची सिंचनपट्टी माफ केली. बोहोलमधल्या छोट्या शेतकऱ्याला आता कालव्याच्या पाण्याचे पैसे मोजावे लागत नाहीत. वरच्याचे दार पाळी संपताच खाली पडते का, एवढ्यावरच तिथे शेपटाकडच्याची लावणी ठरते.