'इट्स ओके' म्हणजे माफ केलं?

इंग्रजीत माफीचे शब्द चिक्कार. लिफ्टमधून बाहेर पडताना 'एक्सक्यूज मी', नीट ऐकू आलं नाही तर 'पार्डन?', आणि 'सॉरी'चं तर विचारूच नका. पाय आपला तुडवला गेला तरी सॉरी आपल्याच तोंडून निघतं :) पण 'आय फर्गिव्ह यू' शेवटचं कधी ऐकलंत? सॉरीला उत्तर ठरलेलं.. 'इट्स ओके' नाहीतर 'नो वरीज'. म्हणजे जणू काही झालंच नाही!

कोणी खरंच 'आय फर्गिव्ह यू' म्हटलं तर आपण दचकतो, कारण त्यात 'चूक तुझीच होती' हे आधीच येतं. मला वाटतं, या शब्दाची ताकद तिथेच आहे. एक्सक्यूज म्हणजे 'तुझा तसा दोष नव्हता'. फर्गिव्ह म्हणजे 'दोष होता, तरी माझ्याकडून हिशोब मिटला'. कर्ज माफ करण्यालाही इंग्रजीत फर्गिव्हच म्हणतात, ते उगाच नाही. कर्ज घेतलंच नव्हतं असं तिथे कोणी म्हणत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक खरं उदाहरण. १७ जून २०१५ ला अमेरिकेत चार्ल्सटनच्या एका चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून मारलं. दोनच दिवसांनी कोर्टात मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला 'आय फर्गिव्ह यू' म्हणून सांगितलं. त्याने गुन्हा लहान झाला नाही. २०१७ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला. फर्गिव्ह करणं ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात, शिक्षेतून पार्डन करणं सरकारच्या. रोजच्या मराठीत आपण दोन्हीला माफीच म्हणतो.

एवढं मोठं राहू द्या, आपलं ऑफिस घ्या. कोणीतरी प्रॉडक्शनचा डेटा उडवतो, मॅनेजर 'नो वरीज' म्हणतो आणि सहा महिन्यांनी अप्रेजलला नेमकं तेच प्रकरण वर काढतो. मग ती माफी कसली? ती तर उधारी! त्यापेक्षा तोंडावर सांगा ना, "बाबा रे, घोळ तू घातलास, आमचा वीकेंड गेला. पण माझ्याकडून विषय संपला." आणि मग खरंच संपवा. ऐकताना कडू लागेल, पण समोरचा त्या रात्री नीट झोपेल.

असो. इंग्रजीतलं सॉरी आपण झटकन उचललं. आता हा अवघड शब्दही उचलायला हरकत नाही.. मराठीत म्हणालात तरी चालेल.