परत येणारी कडी

फरीदाबादजवळच्या सूरजकुंडचा हस्तकला मेळा 1987 साली सुरू झाला. 2019 च्या मेळ्यात महाराष्ट्राला प्रमुख राज्याचा मान होता. तेथे कारागिराचा सफाईदार हात पाहून लोक थक्क होतात. मात्र तो हात घडताना किती वेळा चुकला असेल, हे कोणास दिसत नाही.

चुकण्याची मुभा देणारा एक खेळ कोणत्याही घरात मांडता येतो. छताला दोरी, दोरीच्या टोकाला धातूची कडी आणि समोरच्या भिंतीत आकडा, एवढेच त्याचे साहित्य. कडीला झोका देऊन ती आकड्यात अडकवायची. जत्रेतील कड्या फेकण्याच्या खेळात पैसे देऊन मिळालेल्या मोजक्या कड्या संपल्या, की शिकणेही संपते. येथे चुकलेली कडी आपसूक परत येते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हाच खेळ श्रेष्ठ मानावा लागेल.

नवखा मनुष्य प्रथम जोर लावतो आणि कडी भिंतीवर आदळते. वास्तविक टांगलेली कडी म्हणजे लंबकच. झोक्यास किती वेळ लागणार, हे कडीचे वजन नव्हे, तर दोरीची लांबी ठरवते. दोरी तीच असल्याने प्रत्येक झोका जवळपास सारखाच वेळ घेतो आणि हाताला ती लय हळूहळू ओळखू येते. कडी सरळ न सोडता किंचित वळणाने, बाजूने जाऊ द्यावी. म्हणजे परतताना ती आकड्यात बसण्याचा संभव वाढतो. हे वाचून समजते. हातास कळण्यासाठी पुष्कळ झोके द्यावे लागतात.

प्रौढांची खरी अडचण हाताची नसते. चारचौघांत चुकण्याचा संकोच त्यांना दहा-बारा झोक्यांतच थांबवतो. अशांनी दार लावून एकट्याने खेळावे. आकडा मात्र मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठोकू नये.