गंगेतील डॉल्फिन आणि मच्छीमार : संरक्षणाचा भार कोणावर?

बिहारच्या भागलपूर जिल्ह्यातील गंगेच्या इतिहासात १९९१ या वर्षाची नोंद दोन निर्णयांमुळे झाली आहे. वर्षाच्या प्रारंभी राज्य सरकारने गंगेतील पारंपरिक मच्छीमारांवरील कर रद्द केला. सुलतानगंज ते पीरपैंती या सुमारे ८० किलोमीटरच्या पात्रावर चालत आलेल्या जलजमीनदारीविरुद्ध कहलगाव येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या गंगा मुक्ती आंदोलनाचे ते यश होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुलतानगंज ते कहलगाव हा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य म्हणून घोषित झाला. जमीनदाराच्या ताब्यातून सुटलेले पात्र काही महिन्यांतच वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आले.

या संरक्षणाची गरज निर्विवाद आहे. केंद्र सरकारने २००९ मध्ये गांगेय डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. देशातील नदी-डॉल्फिनची पहिली व्यापक गणना मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एकूण ६,३२७ डॉल्फिनची नोंद असून, त्यांपैकी २,२२० बिहारमध्ये आहेत. स्थानिक लोक ज्याला ‘सोंस’ म्हणतात, तो हा प्राणी जवळजवळ अंध असतो आणि ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मार्ग व भक्ष्य शोधतो. श्वासासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. नायलॉनच्या बारीक धाग्याच्या जाळ्यात अडकल्यास तो गुदमरून मरतो. मच्छीमारांच्या साधनांपासून त्याला असलेला धोका म्हणूनच नाकारता येत नाही.

तथापि, नदीच्या ऱ्हासाची कारणे जाळ्यापुरती मर्यादित नाहीत. १९७५ मध्ये कार्यान्वित झालेल्या फराक्का बंधाऱ्याने समुद्रातून वर येणाऱ्या हिलसा माशाची वाट अडवली आणि बिहारच्या मच्छीमारांचे एक मोठे उत्पन्न संपले. गंगेचे हेच पात्र राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ चाही भाग आहे. जहाजांसाठी गाळ उपसणे आणि यंत्रांचा पाण्याखालील आवाज ध्वनीवर जगणाऱ्या डॉल्फिनला बाधक ठरतात. मोठ्या प्रकल्पांना परवानगी मिळवण्याचे मार्ग खुले असतात. नियमांची पहिली झळ मात्र लहान होडीला बसते. ज्यांनी नदी सर्वांत कमी बदलली, त्यांच्याकडूनच सर्वाधिक त्यागाची अपेक्षा केली जाते.

कायद्यात मध्यममार्गाला वाव आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २४ नुसार जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून अभयारण्यातील एखादा पूर्वापार हक्क पुढे चालू ठेवू शकतात. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये मासे व जलाशयांतील अन्य उत्पादनांवरील सामुदायिक हक्कांचा उल्लेख आहे. अडचण पुराव्याची आहे. दर पुरानंतर जेथे काठ आणि बेटे जागा बदलतात, तेथे भूमिहीन कुटुंबाने पिढ्यांची वहिवाट कागदावर कशी सिद्ध करावी, याचे उत्तर जमीन गृहीत धरून घडलेल्या या व्यवस्थेत सहज सापडत नाही.

व्यवहार्य तोडगा माणसे वगळण्यात नसून साधने निवडण्यात आहे. मच्छरदाणीच्या कापडाची आणि बारीक छिद्रांची जाळी माशांची पिल्लेही ओढून नेतात. त्यांच्यावरील बंदी मच्छीमारांच्याही हिताची आहे. प्रजनन काळातील बंदी त्या महिन्यांच्या निर्वाहभत्त्याविना टिकणार नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा साहाय्याची तरतूद आहे. ती नदीकाठच्या प्रत्यक्ष मच्छीमारांपर्यंत वेळेत पोहोचणे आवश्यक आहे. डॉल्फिन कोठे दिसतो आणि कोठे अडकतो, हे रोज पाण्यावर असणाऱ्यालाच प्रथम कळते. शिक्षेच्या भीतीने त्याने मृत्यू लपवला, तर गणनाही अपुरी राहील आणि संरक्षणही.

केंद्राने २०२० मध्ये ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ची घोषणा केली. त्याचे यशापयश डॉल्फिनच्या संख्येवर मोजले जाईलच. मात्र, १९९१ मध्ये मिळालेला मासेमारीचा हक्क अभयारण्याच्या हद्दीत कोणत्या स्वरूपात शिल्लक आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहून देणे ही त्याची पहिली पायरी ठरावी.