फुकट म्हणजे बेवारस नव्हे!

"अरे, हा तिरंगा १९४४ साली कुठून आला रे?"

वर्कशॉपच्या सरांनी विचारलेला एवढासा प्रश्न. पण त्या दिवशी माझं विमान जे जमिनीवर आपटलं, ते अजून पूर्ण दुरुस्त झालेलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच!

तर झालं असं. सेकंड इयरच्या पीएलमध्ये (अभ्यास सोडून बाकी सगळं करण्याचे ते दिवस...) माझ्या रूममेटने घरून त्याच्या दादाचा जुना डेस्कटॉप आणला. त्यात मायक्रोसॉफ्टचं 'कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर २' होतं. २००० सालचा गेम, म्हणजे आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठा! दुसऱ्या महायुद्धातलं पॅसिफिकमधलं हवाई युद्ध हा त्याचा विषय. मूळ सीडीत उडवता येणारी विमानं मोजकीच, तीही अमेरिकन नाहीतर जपानी. पण दादाच्या फोल्डरमध्ये बघतो तर काय, स्पिटफायर, मेसरश्मिट, हरिकेन... नुसती रांग लागलेली. ही सगळी 'अ‍ॅड-ऑन' विमानं. कंपनीने केलेली नव्हेत, तर जगभरच्या हौशी माणसांनी रात्री जागून केलेली आणि फुकट वाटलेली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या सिम्युलेटरमधलं विमान म्हणजे एक साधा फोल्डर असतो. त्यात विमानाच्या आकाराची एक फाइल, रंगाची चित्रं, आवाज, कॉकपिटचं पॅनेल आणि कुठे गोळी लागली की काय निकामी होणार हे सांगणारी फाइल. आणि सगळ्यात महत्त्वाची ती 'एअर' फाइल. विमान उडतं कसं, हे तिच्यातले आकडे ठरवतात. आकार काढणं हे ईडीच्या शीटसारखंच काम. समोरून, बाजूने, वरून अशी तीन दृश्यं घ्यायची आणि त्यावरून त्रिमितीय मॉडेल उभं करायचं. त्यासाठी २००१ मध्ये 'जीमॅक्स' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळू लागलं आणि कित्येकांनी त्यावर हात बसवला. ते पुढे २००५ मध्ये बंद पडलं. आज बहुतेक जण 'ब्लेंडर' वापरतात.

पण खरी कसोटी आकाराची नाही, आकड्यांची! हरिकेन मार्क २ सी घ्या. भरलेल्या विमानाचं वजन साधारण साडेतीन टन, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस मीटर. लिफ्ट कोइफिशिएंट जास्तीत जास्त १.५ धरला, तर फ्लॅप्स न उघडता समुद्रसपाटीला स्टॉलचा वेग येतो ताशी १४२ किलोमीटरच्या आसपास. हे गणित थर्ड इयरचा कुठलाही पोरगा कॅल्क्युलेटरवर करेल. पण हाच वेग सिम्युलेटरमध्ये यावा, स्टॉल होताना विमानाने योग्य तसं डगमगावं, चढण्याचा वेग, वळणाची त्रिज्या सगळं एकाच वेळी जुळावं... यात महिने जातात. एक आकडा सुधारला की दुसरा बिघडतो. लेथवर जॉब करताना फायनल कटला जे होतं, तेच!

अजून एक उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडतं. १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये हरिकेन आणि स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला फ्लोट असलेला कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने नाक झटकन खाली केलं की निगेटिव्ह जी मुळे इंजिन आचके देऊन बंद पडायला बघायचं. समोरच्या मेसरश्मिट १०९ मध्ये फ्युएल इंजेक्शन होतं, त्यामुळे ते सरळ सूर मारून निसटायचं. यावर तोड काढली फार्नबरो इथल्या इंजिनिअर बिआट्रिस शिलिंग या बाईंनी. इंधनाच्या वाटेत बसवायची छोटीशी चकती, तिला नेमक्या मापाचं भोक. १९४१ मध्ये ती विमानांवर बसू लागली. आता, एखाद्या अ‍ॅड-ऑनमध्ये १९४० च्या स्पिटफायरचं नाक खाली करताच इंजिन खोकतं, तेव्हा समजायचं की करणाऱ्याने पुस्तकं वाचली आहेत. 'टाइमपास गेम' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं!

असो. आता माझ्या पराक्रमाकडे वळू.

मी दादाच्या फोल्डरमधलं हरिकेन उचललं. रंगाची फाइल पेंटमध्ये उघडली, ब्रिटिश चिन्हं पुसली आणि त्या जागी केशरी-पांढरा-हिरवा गोल रंगवला. एअरक्राफ्ट डॉट सीएफजी मधल्या नावाच्या ओळीत मूळ कर्त्याच्या जागी माझं नाव टाकलं. सोबतची रीडमी फाइल लांबलचक होती, ती न वाचताच डिलीट केली. आणि 'भारतीय हवाई दलाचं हरिकेन, बर्मा १९४४' या नावाने पेनड्राइव्हवरून अख्ख्या हॉस्टेलला वाटलं. दोन तासांचं काम, पण कौतुक एवढं झालं की मेसच्या रांगेत मला पुढे घेऊ लागले! मग टेक-फेस्टच्या स्टॉलवरही तेच मांडलं. आणि तिथे सर आले.

सर हवाई दलातून निवृत्त होऊन आपल्याकडे आलेले. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग तो वर दिलेला प्रश्न. मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं. आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इम्फाळच्या आघाडीवर हरिकेन उडवत होती, ही गोष्ट खरी. पण त्या आघाडीवर विमानाच्या चिन्हात लाल रंगसुद्धा ठेवला नव्हता. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, घाईत आपल्याच विमानावर गोळ्या झाडल्या जाऊ नयेत म्हणून गर्द निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका एवढंच चिन्ह होतं. तिरंगी गोल आला तो स्वातंत्र्यानंतर. "बाळा, रंग चुकला तर तिथे माणूस मरत होता," एवढं बोलून ते पुढच्या स्टॉलवर गेले.

त्या रात्री मी मूळ झिप फाइल शोधून काढली आणि रीडमी पहिल्यांदा वाचली. मित्रांनो, त्यात हे सगळं होतं! दोन निळ्या रंगांचं चिन्ह का, ते होतं. आकार कोणी केला, रंग कोणी केले, आवाज कुणाकडून मागून घेतला, ते एकेकाचे आभार मानून लिहिलं होतं. काय अजून जमलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आणि शेवटी एकच विनंती : विकू नका, बदल करायचा तर आधी विचारा, आणि ही फाइल सोबत ठेवा. एवढं मोठं काम करून त्या माणसाने मोबदल्यात मागितलं होतं ते एवढंच. आणि मी नेमकं तेच डिलीट केलं होतं.

माझं म्हणणं एवढंच की फुकट दिलेली वस्तू बेवारस नसते. विकत घेतलेल्या वस्तूची किंमत आपण पैशात चुकती करतो. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत एकाच चलनात चुकती करता येते : ज्याने केलं त्याचं नाव. ते पुसलं की ती उघड उघड चोरी झाली.

यावर हॉस्टेलमध्ये मला तीन उत्तरं मिळाली. पहिलं, "हरिकेन काय त्याच्या बापाचं आहे का?" नाही ना! हरिकेन हॉकर कंपनीचं. पण ते मॉडेल, ते आकडे, ती रात्रीची जागरणं त्याचीच. शिवाजी महाराजांवर कुणीही लिहू शकतो, म्हणून दुसऱ्याचं पुस्तक आपल्या नावावर छापता येत नाही. दुसरं, "आपण कुठे विकलं?" विकलं नाही, पण मेसच्या रांगेत पुढचा नंबर घेतलाच की मी! तिसरं उत्तर मात्र सगळ्यात खरं होतं : "अरे, इथे सगळेच करतात." हो, करतात. शीटची जीटी मारतो, जर्नल मागच्या बॅचचं उतरवतो, प्रोजेक्टचा कोड कुठून तरी उचलून वर आपलं नाव टाकतो आणि वायवाला उभं राहिलो की घाम फुटतो. कारण रीडमी आपण वाचलेलीच नसते! नाव पुसणारा माणूस ज्ञानही पुसतो. हे मला तिरंगी गोलाने शिकवलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या हरिकेनवाल्याला मी माफी मागणारी ई-मेल लिहिली. ती परत आली, पत्ताच बंद झालेला. म्हणजे आता परवानगी विचारायची कुणाला? या मालिकेचा शेवटचा, तिसरा भाग आला २००२ मध्ये. तिचा स्टुडिओ २००९ मध्ये बंद झाला. जुनी विमानं नव्या सिम्युलेटरमध्ये आणायची तर फाइलींत बदल करावा लागतो आणि 'मला विचारल्याशिवाय हात लावू नका' म्हणणारा माणूस सापडत नाही. अशाने उत्तम कामं हार्ड डिस्कमध्येच मरतात. तेव्हा करणाऱ्यांनीही थोडा पुढचा विचार करावा. 'फ्लाइटगियर' हे खुलं सिम्युलेटर जीपीएल परवान्याखाली चालतं. वापरा, बदला, वाटा, पण परवाना आणि मूळ नावं तशीच ठेवा. ब्लेंडरसुद्धा २००२ मध्ये लोकांनी १ लाख युरो गोळा करून असंच खुलं करून घेतलं. कर्त्याचं नाव राहतं आणि काम अडत नाही. परवानगीचा प्रश्न कामासोबतच सोडवून ठेवणं, हासुद्धा डिझाइनचाच भाग नव्हे का?

मी पुढे काय केलं? खोल्याखोल्यांतून फिरून ते हरिकेन डिलीट करायला लावलं. (काहींनी चहा उकळला, काहींनी अजून केलेलं नाही, मला माहीत आहे!) मूळ झिप रीडमीसकट पुन्हा वाटली. आणि आता ब्लेंडर घेऊन पहिल्यापासून एक हरिकेन करतोय, फ्लाइटगियरसाठी. चार महिने झाले. मागचा भाग कापडी, आतल्या पट्ट्यांवर ताणलेला, तो अजून कापडासारखा दिसत नाही, पत्र्यासारखाच दिसतो. स्टॉलचा वेगही चुकतोय. सर अधूनमधून डोकावून चुका काढतात. मेसच्या रांगेत अर्थातच शेवटी उभा असतो.

पण रीडमी लिहायला घेतली आहे. तिच्यातली पहिली ओळ ज्याची ई-मेल परत आली, त्याच्या आभाराची आहे.

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी